सखुबाईंचा नसलेला माळा

३ मार्च १९८३, गुरुवार

बाबांनी खोली विकली.

जेवताना सांगितलं. तेही आमटी संपवून, हात धुवायला उठता उठता. लालबागची ही खोली – दहा फूट दोन इंच बाय अकरा फूट नऊ, मोरी धरून – पोस्टातल्या एका माणसाने घेतली. पागडीचा विसार हातात आला, घरमालकाचा हिस्सा ठरला. एक मेला किल्ली द्यायची. संप सुरू होऊन साडेतेरा महिने झाले, गिरणी बोलावत नाही, युनियन जाऊ देत नाही, तेव्हा आता गावी. काकाच्या घरात आपल्या वाटणीच्या दोन खोल्या आहेत, चार कलमं आहेत, काकू आहे.

मी विचारलं, माझ्या नोकरीचं काय?

बाबा म्हणाले, ड्रॉइंग काय, खंयही बसून काढता येतं.

आमच्या गावात उंच म्हणाव्या अशा इमारती दोन. शाळा आणि देऊळ. दोन्हींचा नकाशा कोणी कधी काढला नाही आणि दोन्ही व्यवस्थित उभ्या आहेत. तिथे ड्राफ्ट्समनची गरज नाही हे मला मान्य आहे. मुद्दा तो नाही.

 आईने भांडी घासायला घेतली. माझं जेवण चालू होतं, तरी माझंही ताट उचलून नेलं.

४ मार्च

बाबा सकाळी थोडे नरमले. का, ते कळलं नाही. म्हणाले, एक मेच्या आत खोली शोध. मी स्वतः येऊन बघणार. पसंत पडली तर मुंबईत रहा, नाही पडली तर मुकाट गाडीत बस.

मी म्हटलं, लेखी द्या. दिलं नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

वय तेवीस. सिव्हिलचा डिप्लोमा. दादरला आर्किटेक्टच्या ऑफिसात दोन वर्षं. पगार सहाशे चाळीस. भाड्याला दीडशे, फार ताणलं तर एकशे साठ. उरलेले दिवस अठ्ठावन्न.

६ मार्च, रविवार

एजंट मिळाला. चिंतामणी प्रधान. दिवसभर विमा कंपनीत कारकून, साडेपाचनंतर आणि सुटीच्या दिवशी एजंट. दादरच्या फुलबाजाराजवळ उसाच्या रसाचं दुकान आहे, त्याच्या बाकावर बसतात. तेच ऑफिस. रस आपण पाजायचा.

त्यांची भाषा शिकावी लागते. ‘सेल्फ-कन्टेन्ड’ म्हणजे मोरी खोलीतच आहे आणि तिला पडदा नाही. ‘एअरी’ म्हणजे खिडकीला काच नाही. ‘पीसफुल’ म्हणजे शेजारची गिरणी संपामुळे बंद आहे. आज परळची एक पीसफुल खोली बघितली. स्टेशनपासून पाच मिनिटं म्हणाले होते. मी घड्याळ लावून चालले. बावीस.

प्रधान म्हणाले, पाच मिनिटं हा अंदाज आहे, ताई. अंदाजाला कोणी घड्याळ लावतं का?

१२ मार्च, शनिवार

हाफ डे. गिरगाव. सरोजिनीबाई, वय साठ, चष्म्याला सोनेरी साखळी, घरात सहा माणसं. ‘पेइंग गेस्ट, फॅमिली अॅटमॉस्फिअर.’

खोली दाखवा म्हटलं तर म्हणाल्या, हीच. मी उभी होते तो पॅसेज होता – स्वयंपाकघरातून संडासाकडे जाणारा. रुंदी दोन फूट दहा इंच. त्यात एक पट्टीची खाट, भिंतीला चिकटवून. कोणी संडासला निघालं की पाय पोटाशी घ्यायचे, परत येताना पुन्हा घ्यायचे. सहा माणसं. मी मनात गुणाकार केला.

सरोजिनीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग खाटेवर आडवं व्हायला सांगितलं. मी झाले. चपला काढून. पावलं तीन इंच बाहेर.

बाईंनी च्यक् केलं. म्हणाल्या, ‘तू उंच आहेस गं. आमची आधीची मुलगी चार फूट अकरा होती. फार सोज्वळ.’

तीन इंचांनी नापास! डिप्लोमाला फर्स्ट क्लास होता.

१९ मार्च, शनिवार

आजची खोली चांगली होती. परळ, दुसरा मजला, नळ आत, पूर्वेला खिडकी. मालक म्हणाला, फक्त लग्न झालेल्यांना.

जिना उतरताना प्रधान हळूच म्हणाले, एका दुपारपुरता नवरा मिळू शकेल. त्यांच्या ऑफिसात एक आहे, सभ्य दिसतो, आधी दोनदा उभा राहिला आहे.

मी विचारलं, दोन्ही वेळा खोली मिळाली का? म्हणाले, मिळाली. एकदा तर त्या मुलीने त्याच्याशी लग्नही केलं.

मग आता तो खरंच दुसरीचा नवरा झाला ना, मी म्हटलं. प्रधान विचारात पडले. म्हणाले, हो, हे लक्षात आलं नव्हतं.

२० मार्च

माटुंगा. फक्त शाकाहारी. मी खरं सांगितलं. परत आले.

२८ मार्च, सोमवार

काल तीन खोल्या. पहिलीला छप्पर नव्हतं – ‘पावसाच्या आधी होईल.’ दुसरीत आधीचा भाडेकरू अजून होता आणि निघणार नव्हता. त्याने चहा दिला. तिसरीची मालकीण विचारत होती, आईवडील मुंबईत असताना वेगळी का राहतेस? मी म्हटलं, ते गावी चाललेत. मग तू का नाही गेलीस? म्हटलं, नोकरी. मग गावी कोणी नोकरी करत नाही का?

हिची आणि बाबांची ओळख नाही, हे नक्की.

आईने आज विचारलं, काय झालं खोलीचं? मी म्हटलं, बघते आहे. तिने विचारलं, नळ किती वाजता येतो ते विचारतेस ना? मी म्हटलं, आधी खोली तर मिळू दे. ती म्हणाली, नळ आधी.

३ एप्रिल, रविवार

हे नीट लिहायला हवं. क्रमाने.

प्रधान म्हणाले होते, वरळी कोळीवाड्यात सखुबाई म्हणून आहेत, त्यांच्या घरावर माळा आहे, एकशे साठ भाडं, शिडी वेगळी. त्यांच्याशी बोलणं झालंय, ‘एक मुलगी येईल’ असा निरोप गेलाय. मी पुढे जावं, ते मागून येतील. ते आले नाहीत.

माझ्याजवळ ऑफिसचा टेप होता – तीस मीटरचा, कापडी, चामड्याच्या डबीतला. मी खोली बघायला जाते तेव्हा नेतेच. न मोजता खोली बघणं म्हणजे काय, मला कळत नाही. बोळाच्या तोंडाशी विचार आला, आपलं लोखंडी कपाट आत जाईल का? म्हणून बोळ मोजला. चार फूट तीन. पुढच्या वळणावर तीन फूट अकरा. वहीत लिहिलं.

एक बाई बोंबील वाळत घालत होती. तिने टेपाकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि सूप टाकून आत गेली. मी पुढे जाईन तशी दारं लागत गेली. एका घरापुढे नवी विटांची भिंत होती, सिमेंट ओलं. ती बोळात आली होती, म्हणून तिच्यापुढेही मोजलं. तीन फूट दोन. परत येताना बघते तर भिंतीवर जाळं टाकलेलं, आणि जाळ्यापुढे खुर्ची ठेवून एक म्हातारे बसवलेले. ते माझ्याकडे बघून हसले. भिंत त्यांच्या दोन्ही बाजूंनी दिसत होती.

सखुबाई पन्नाशीच्या. दारातच उभ्या होत्या. खुर्ची दिली, ती पदराने दोनदा पुसली. चहा दिला, लगेच दुसरा दिला. मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, माळा बघायला आले.

‘माळा? नाय ओ मॅडम. आमच्याकडं माळा नाय.’

मी वर बघितलं. माळा होता. फळ्या, वासे, एक झरोका, दोरीवर एक सदरा. शिडी तेवढी नव्हती. भिंतीवर शिडी टेकून टेकून पडलेल्या दोन खुणा होत्या, मधलं अंतर चौदा इंच.

वर कोणीतरी खोकलं.

‘मांजर,’ सखुबाई म्हणाल्या.

मांजर पुन्हा खोकलं. मग विडीचा वास आला.

मी म्हटलं, भाड्याने द्यायचा आहे असं कळलं होतं. सखुबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. भाडं हा शब्द या घरात कोणी कधी ऐकलेला नव्हता. निघताना त्यांनी कागदात बांधलेली दोन पापलेटं हातात कोंबली. मी तीनदा नको म्हटलं.

आई: खोली? मी: नाही. आई: मग हे काय? मी: पापलेट.

आईने उजेडात धरून कल्ले उघडून बघितले. म्हणाली, आजची आहेत. तळली. बाबांनी खाल्ली आणि म्हणाले, एरिया बरो दिसता.

९ एप्रिल, शनिवार

प्रधानांनी आज खुलासा केला. कोळीवाड्यात सगळ्यांना वाटलं, मी म्युनिसिपालिटीची. वाढवलेली बांधकामं लिहून न्यायला आलेली. प्रधान हताश होते. म्हणाले, ‘टेप काढलात कशाला, ताई? लोक पंखा बघतात. नळ बघतात. खोली मोजतं कोण?’

म्हणजे मला जो माळा दाखवायचा होता, तोच त्यांनी माझ्यापासून लपवला.

उद्या जाऊन खुलासा करणार. पापलेटांचे पैसेही द्यायचे. फुकट घेणं बरोबर नाही.

१० एप्रिल, रविवार

जायला नको होतं.

पैसे पुढे केले. सखुबाईंनी नोटांकडे बघितलं, मग आपल्या मुलाकडे. मुलगा हरेश्वर, तिशीचा. दोघं आत गेले. कुजबुज. बाहेर आले ते टोपली घेऊन. आत दोन शेवंडं. जिवंत. एकाने मिशी बाहेर काढून माझ्या वहीला लावली.

पापलेटांचे पैसे देणारी बाई म्हणजे पापलेटावर न भागणारी बाई, असा हिशेब झाला होता.

मी म्हटलं, मी म्युनिसिपालिटीची नाही.

‘बरोबर आहे मॅडम,’ हरेश्वर म्हणाला. ‘आम्हीपण कोळी नाय.’

मी ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं. त्यावर छापलंय, ‘आर्किटेक्ट्स अँड सर्व्हेयर्स’. हरेश्वर सर्व्हेयर्सपर्यंत वाचून थांबला आणि कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. वरच्या मांजराने आज खोकला दाबून धरला होता. बिचाऱ्याला शिंक आली.

शेवंडं घेतली नाहीत. पैसे टोपलीत ठेवून आले. दिवस उरले एकवीस. दुसरी खोली नाही.

प्रधानांना सांगितलं तर म्हणाले, कोळीवाडा विसरा. पण ते एकदा सखुबाईंना भेटून येतील, एजंट म्हणून त्यांचं नाव खराब झालंय.

१२ एप्रिल

साहेबांना विचारलं, तीन महिने बिनपगारी रजा मिळेल का? नाही.

बाबांनी गाडीची चौकशी करून ठेवली आहे.

१४ एप्रिल, गुरुवार

आज मी ऑफिसात असताना सखुबाई आमच्या घरी आल्या! प्रधानांनी शपथेवर सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून पत्ता घेऊन स्वतः बघायला आल्या – डोक्यावर पाटी, तीन जिने चढून. पालिकेची बाई राहते कुठे ते बघायचं होतं. बघितलं ते असं: बनियनवर बसलेले बाबा, दोरी बांधलेल्या वळकट्या आणि मोरीत बसून तांदूळ धुणारी आई.

पुढचं आईकडून कळलं. सखुबाईंनी विचारलं, मॅडम इथंच ऱ्हातात? आई म्हणाली, कसली मॅडम, ता माझा चेडू, खोली शोधता. सखुबाईंना उभं राहवेना. पाटी खाली ठेवून उंबऱ्यात बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शेजारणी जमल्या. त्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं. पाटीतले मासे इथेच संपले, वाटे न पाडता.

मग दोघी अडीच तास बोलत होत्या. बाबांना दोनदा चहापत्ती आणायला पाठवलं. घरात चहापत्ती होती.

मी आले तेव्हा आई गुणगुणत होती. म्हणाली, रविवारी जा, शिडी लावून ठेवतली.

१७ एप्रिल, रविवार

शिडी होती. मांजरही भेटलं. सखुबाईंचे दीर, जगनकाका, शेजारीच राहतात. मी येते म्हटल्यावर शिडी वर ओढायला ते चढायचे आणि मी जाईपर्यंत खाली येता यायचं नाही. मला म्हणाले, दुसऱ्या खेपेला तू लवकर गेलीस, बरं झालं.

माळा: नऊ फूट चार बाय सात फूट. मध्ये उंची सहा फूट एक, कडेला तीन फूट आठ. मधोमध ताठ चालता येतं. फळ्या सागवानी. झरोक्यातून खाडी दिसते. नळ खाली, सकाळी साडेपाच ते सात. भाडं एकशे चाळीस – वीस रुपये सखुबाईंनी आपणहून कमी केले.

का, ते मग कळलं. अट आहे.

ओल्या भिंतीवाला शेजारी म्हणजे धोंडू. गेलं वर्षभर तो वीतवीत करून बोळात सरकत होता. सखुबाईंची पाटी आडवी करून न्यावी लागायची. भांडून झालं, पंच बसवून झालं. माझी पहिली खेप झाली आणि तिसऱ्या दिवशी धोंडूने स्वतःच्या हाताने भिंत पाडली. तेव्हा अट अशी, की महिन्याच्या पहिल्या रविवारी मी टेप काढून बोळ मोजायचा. सगळ्यांसमोर.

मी सांगितलं, कोणी विचारलं तर मी खरं तेच सांगणार.

‘कोण सांगतंय तुला खोटं बोलायला?’ सखुबाई म्हणाल्या. ‘तू फक्त माप घे आणि वहीत लिव. आणि इचारतंय कोण? ज्याला भ्या वाटतं, तो इचारतो का गो?’

परतताना बसमध्ये विचार केला. हे खोटं आहे का? आकडे खरे असणार. वही खरी. टेप ऑफिसचा, तो साहेबांना विचारावा लागेल, किंवा स्वतःचा घ्यावा. बाकी जे काही आहे ते लोकांनी धरून चाललेलं आहे. वरळी नाक्यापर्यंत मला हे खोटं वाटत होतं. परळला उतरले तेव्हा वाटेनासं झालं.

धोंडूच्या घरापुढे आता चार फूट आठ. कपाट जाईल.

फक्त बाबा उरले.

१८ एप्रिल

बाबांना माळ्याचा प्लॅन काढून दाखवला. स्केलवर, सेक्शनसकट. म्हणाले, कागदावर सगळांच बरा दिसता. रविवारी येतो.

२४ एप्रिल, रविवार

बाबा माळा बघायला आले.

शिडीवर चढले. वर पोचले आणि वाशावर डोकं आपटलं. मी म्हटलं, मधोमध चला. ते कडेलाच चालले, दुसऱ्यांदा आपटलं. खाली जगनकाका म्हणाले, सवय होते. मला वाटलं, संपलं. गाडीत बसावं लागणार.

मग त्यांनी सगळं तपासायला घेतलं. फळ्यांवर उड्या मारून बघितल्या – खाली सखुबाईंच्या चहात माती पडली. शिडीच्या पायऱ्या हलवून बघितल्या. हरेश्वरला विचारलं, पावसात पाणी कुठून येतं. स्टोव्ह कुठे ठेवायचा ते दोनदा विचारलं. मी म्हटलं, मी दुपारी ऑफिसात डबा खाते, स्टोव्ह फक्त चहाला. तरी तिसऱ्यांदा विचारलं.

शेवटी झरोक्यापाशी बसले. समोर खाडी, पलीकडे माहीम, आणि उजवीकडे मान वळवली की गिरण्यांच्या चिमण्या. बाबा बराच वेळ मान वळवून होते. बत्तीस वर्षं गिरणीत साच्यावर काढली त्यांनी. मी विचारलं, तुमची कुठली?

‘कळत नाय,’ म्हणाले. ‘धूर नसलो की सगळ्यो सारख्योच दिसतत.’

मी वहीत झरोक्याचं माप लिहिलं. 

उतरताना तिसऱ्यांदा डोकं आपटलं. खाली येऊन सखुबाईंना म्हणाले, हवा बरी आसा.

म्हणजे पसंत! लेखी मागितलं नाही.

२६ एप्रिल

डिपॉझिट दिलं. पावती मीच लिहिली, सखुबाईंनी अंगठा नको म्हणून सही केली – सही करायला अकरा मिनिटं लागली आणि मग ती सगळ्या बोळाला दाखवून आणली.

२९ एप्रिल, शुक्रवार

बांधाबांध. आई आणि बाबा कुजबुजत असतात. मी आले की थांबतात. दहा बाय अकराच्या खोलीत कुजबुजणं सोपं नाही, कष्ट दिसतात.

मला वाटतं, आईला गाव नको आहे. विचारलं नाही. विचारून काय करणार? खोली एकच मिळाली आहे, तीही माळा.

३० एप्रिल

खोलीचा नवा मालक आला. त्याने पंखा बघितला. नळ बघितला. मोजलं नाही.

१ मे, रविवार

परळ डेपो. सव्वासहाची गाडी. सामान टपावर चढलं, बाबा खिडकीत बसले. आई खाली, माझ्याजवळ. मी म्हटलं, चढ आता. कंडक्टरने घंटी मारली. आई हलली नाही.

‘जावेच्या चुलीपुढे मी नाय बसूची,’ म्हणाली. ‘विसार घेतलो त्याच दिवशी ह्यांका सांगितलंय. तुका सांगूक उशीर झालो.’

गाडी निघाली. बाबांनी खिडकीतून तिकीट दाखवलं. एकच होतं.